सासूबाई थकल्यात, त्यांना बसवून ठेवू का?

'ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी सासरे गेले आणि आम्ही त्यांना संगमेश्वरजवळच्या गावातून ठाण्याला आणलं. पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे. इथे त्यांना कसलंही काम करावं लागत नाही. स्वयंपाकाला बाई आहेत, बाकीचं मी बघते. तरी आल्यापासून त्या खंगत चालल्यात. वजन ५२ होतं, आता ४७ आहे. सोफ्यावरून उठताना हात द्यावा लागतो. अकरा वाजले की 'दमले गं बाई' म्हणून आडव्या होतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांना उघडत नाही. लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत शिरणं होत नाही. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये तोल गेला, नशिबाने नळ हाताला लागला. रक्त-लघवी तपासून घेतली, सगळं ठीक आहे. बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, थोडं चालत जा. आमच्या शेजारच्या काकूंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हे म्हणतात की आईला उठू-बसूच द्यायचं नाही. आणि सासूबाईंचा एकच धोशा आहे, गणपतीला घरी जायचं. आमचं घर रस्त्यापासून साठ पायऱ्यांची पाखाडी चढून वर आहे. त्यांना आराम द्यायचा की व्यायाम करायला लावायचा? आमच्या काळजीत कुठे कमी पडलं?'

– एक सून, ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रातलं तेच वाक्य माझ्या मनातून जाईना. काळजीत काही कमी पडलेलं नाही. सासूबाईंच्या हातातलं एकेक काम तुम्ही मायेने काढून घेतलंत, आणि त्या कामांबरोबर त्यांच्या अंगातली ताकदही गेली. याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला आयतं ताट मिळावं, पाण्याचा तांब्याही हातात मिळावा, हीच आपल्याकडे सेवेची कल्पना आहे. पंचवीस वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे, पण घरातल्या लेकीसुनांना हे सांगताना अजूनही जीभ अडखळते, कारण समोरच्या बाईने सगळं खरोखर प्रेमापोटी केलेलं असतं.

आता सासूबाईंबद्दल. आपण सहज म्हणून जातो, 'आई आता फार थकली.' दिवसभराच्या कामाने दमणं वेगळं आणि हे थकणं वेगळं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टर याच थकण्याला फ्रेल्टी म्हणतात. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून त्याच्या पाच खुणा ठरवल्या. मुद्दाम न उतरवता वर्षभरात वजन उतरणं, कायम थकवा वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचांतल्या तीन खुणा असल्या तर माणूस फ्रेल, एक-दोन असल्या तर त्या वाटेवर. आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पाच किलो उतरलेलं वजन, 'दमले गं बाई', बरणीचं झाकण, लिफ्टचं दार, दिवसभराचा सोफा. पाचही खुणा तुम्ही स्वतःच लिहून पाठवल्यात. नुसत्या पत्रावरून निदान करायचं नसतं, ते मी करत नाही. पण तुम्ही जे टिपलंय ते नेमकं आहे.

'वय झालंय' हे उत्तर मात्र मला पटत नाही. दीड वर्षापूर्वी त्या साडेचौऱ्याहत्तरच्या होत्या आणि ती पाखाडी चढत होत्या. एवढ्या काळात वय दीड वर्षानेच वाढलं. बदलला तो त्यांचा दिवस.

माझं आजोळ राजापूरकडचं, त्यामुळे तो दिवस मला डोळ्यांपुढे दिसतो. उठल्यावर खळं झाडायचं. विहिरीवरून पाणी आणायचं. चुलीपुढे बसायचं, विळीवर भाजी चिरायला बसायचं, नारळ खवायला बसायचं, जेवायला पाटावर बसायचं आणि प्रत्येक वेळी पुन्हा उठायचं. मे महिन्यात आमसुलं आणि फणसपोळी वाळत घालायला अंगणात दहा खेपा. जमिनीवरून उठणं दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी होत असेल, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याच्या खाली काहीच नसतं. पलंग, सोफा, जेवणाचं टेबल, कमोड, ओटा, सगळं उंचावर. दीड वर्षात सासूबाई एकदा तरी जमिनीवर बसल्यात का, आठवून पाहा.

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला क्लॉडिओ गिल अराउजो या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि हात-गुडघ्याचा आधार किती घ्यावा लागतो याचे गुण दिले. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना फार आधार लागत होता, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. बसणं-उठणं हा सबंध शरीराचा हिशेब असतो, एवढंच मला यातून सांगायचं आहे. ही चाचणी तुम्ही घरी करू नका. सासूबाईंची आजची स्थिती त्यासाठी नाही.

कोकणात पावसाळ्याआधी बेगमी करतात. लाकडं, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवतात, कारण चार महिने बाहेरून काही मिळेल याचा भरवसा नसतो. पायातले स्नायू ही म्हातारपणाची बेगमी आहे. एरवी ती नजरेत येत नाही. चार दिवस ताप येतो, जुलाब होतात, ओल्या फरशीवर पाय सरकतो, त्या दिवशी ती लागते. पाय सरकल्यावर दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरायचं काम स्नायूंमधले वेगवान तंतू करतात, आणि वय वाढतं तसे तेच आधी झिजतात. रमतगमत चालण्याने ते जागे होत नाहीत. ज्या कामाला जोर लावावा लागतो, त्याच कामाने ते टिकतात. म्हणून 'थोडं चालत जा' हा सल्ला चांगला असला तरी तुमच्या सासूबाईंना पुरणार नाही.

ही बेगमी किती लवकर संपते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. कुणालाही आजार नव्हता, जेवणखाण व्यवस्थित होतं. दहा दिवसांत पायांतला सुमारे एक किलो मांसल भाग गेला.

मला हे आकडे ठाऊक होते, आणि तरी माझ्या घरी तेच झालं. वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा ते अकरा दिवस एका रुग्णालयात होते. ताप तिसऱ्या दिवशीच उतरला होता. पण 'आजोबा, खाली उतरायचं नाही, पडाल' असं प्रत्येक जण सांगत राहिला. पलंगाचे कठडे वर, लघवीची नळी लावलेली. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या उशाशी बसत होते आणि काही बोलले नाही. मुलगी म्हणून घाबरले होते आणि तिथल्या लोकांशी वाद नको असं वाटलं. घरी आणलं तेव्हा त्यांना न्हाणीपर्यंत चालवत न्यायला दोघं लागली. जिना पुन्हा एकट्याने चढायला चार महिने गेले. न्यूमोनिया बरा झाला होता, चार महिने त्या अकरा दिवसांच्या पडून राहण्यात गेले. तुमच्या यजमानांची भीती मला कळते ती यामुळेच, आणि त्या भीतीचं ऐकू नका असं सांगते तेही यामुळेच.

आता दिलासा देणारी गोष्ट. गेलेली ताकद परत येते, आणि ७६ हे त्यासाठी मुळीच उशिराचं वय नाही. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करून घेतला. हातात हलकी डंबेल्स देऊन टाळ्या वाजवायचा प्रकार नव्हता, चांगलं वजन उचलायला लावलं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. चार वर्षांनी फियाटारोन यांनीच शंभर थकलेल्या वृद्धांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायामाने दहा आठवड्यांत ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसत्या पेयाने काहीही झालं नाही. तुमच्या घरात कुणी टॉनिकचा किंवा प्रोटीन पावडरचा डबा आणून ठेवला असेल, तर हे लक्षात असू द्या.

पुढे अमेरिकेतच ७० ते ८९ वयाच्या, बैठं जीवन जगणाऱ्या ४२४ लोकांचे दोन गट केले. एकाला चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्यानं. वर्षाअखेरीस व्याख्यानांच्या गटात १९ टक्के लोक फ्रेल होते, व्यायामाच्या गटात १०. त्याच धर्तीचा १,६३५ लोकांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण व्याख्यानांच्या गटात साडेपस्तीस टक्के होतं, व्यायामाच्या गटात तीस. या मोठ्या अभ्यासात फ्रेल्टीच्या एकूण मापात मात्र गटागटांत ठळक फरक सापडला नाही. सापडला तो त्या मापाच्या एकाच भागात, खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येण्यात. व्यायाम ही जादू नाही, आणि व्यायाम करूनही काही जण थकतातच. पण तुमच्या पत्रात वजनाच्या पाठोपाठ येणारी तक्रार कुठली आहे? सोफ्यावरून उठताना हात द्यावा लागतो ही.

व्यायामाला हात घालण्याआधी डॉक्टरांकडे एकदा पुन्हा जा, आणि या वेळी हे पत्रच सोबत न्या. दीड वर्षात वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा उतरणं हे नुसतं 'रक्त ठीक आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. थायरॉइड, साखर, जुना खोकला, पोटाच्या तक्रारी, दात किंवा कवळी, गोळ्यांमुळे भूक मरणं, हे सगळं विचारून घ्या. बीपी झोपून आणि मग उभं राहून असं दोन्ही वेळा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर बाथरूममधला तो तोल गोळीने गेलेला असू शकतो.

आणि मनाचंही विचारा. नवरा गेला, त्याच सुमारास घर सुटलं, अंगण सुटलं, बोलणारी माणसं सुटली. अकरा वाजता आडवं होणं हे कधीकधी अंगाचं नसतं, मनाचं असतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते वयाच्या कुठल्याही टप्प्यावर लागू पडतात. सासऱ्यांबद्दल त्या तुमच्याशी कधी बोलतात का? न विचारता त्या बोलणार नाहीत.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की सुरुवात उठण्यापासूनच करा. हातांची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर सतरंजीच्या इतक्या घड्या घाला की सासूबाईंना हात न टेकता, जरा जोर लावून उठता येईल. उशी नको, ती दबते. पाय जमिनीवर नीट टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, अंग पुढे झुकवून उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही, खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यात आहे. असं पाच वेळा, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा पाच वेळा. श्वास रोखू द्यायचा नाही, त्यासाठी त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावा. शेवटच्या दोन वेळा उठताना कष्ट पडायला हवेत. पाचही सहज झाले तर बैठक फार उंच आहे. सहज दहा-दहा वेळा व्हायला लागलं की सतरंजीची एक घडी काढा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा.

गुडघे दुखतात म्हणून हे टाळायचं नाही. झिजलेल्या गुडघ्याला मांडीचा स्नायूच सांभाळतो, आणि व्यायाम हा त्या दुखण्याच्या उपचाराचाच भाग आहे. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं किंवा गुडघा सुजला तर एक घडी वाढवा आणि वेळा कमी करा.

ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा वर उचलायच्या, दहा वेळा. तिथेच ओट्याशी, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांपुढे ठेवून दहा सेकंद उभं राहायचं. आधी हात टेकून, मग दोन बोटं टेकून. हे तोलाचं काम रोज केलं तरी चालेल. तुम्ही बाजूला अर्धं पाऊल मागे उभ्या राहा, हात जवळ असू द्या, पण दंड धरू नका. दंड धरला की माणूस स्वतःचा तोल सांभाळायचं सोडून देतो. पडण्याच्या भीतीवर उपाय हाच आहे. २०१९ मध्ये शंभराहून जास्त चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तोलाच्या आणि उठण्याबसण्याच्या व्यायामांचा त्यात मोठा वाटा होता. हे यजमानांना वाचून दाखवा. न उठणारी आई पडणार नाही असं त्यांना वाटतं. पण रात्री लघवीला ती उठणारच आहे, एकटी, अंधारात, आणि तेव्हा पायांत जी ताकद असेल तीच तिला धरेल. (बाथरूममध्ये दोन पक्के दांडे आणि पलंगाजवळ रात्रीचा दिवा याच आठवड्यात लावून घ्या, त्यासाठी कशाचीही वाट पाहू नका.)

चालणं सोडायचं नाही. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, इमारतीच्या आवारात. बोलता येईल पण धाप किंचित जाणवेल इतक्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटना ६५ पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल-ताकद एकत्र असलेले व्यायाम सांगते. तो आकडा आज त्यांच्यापुढे ठेवू नका, घाबरून जातील. छातीत दुखलं, गरगरलं, दम लागून बोलता येईना, तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही, पण पलंगावर पडूनही राहायचं नाही. खुर्चीत बसायचं आणि जेवायला टेबलापाशी चालत यायचं.

जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मी अंदाज बांधू शकते. भातावर पातळ आमटी, चारला चहा-बिस्कीट, रात्री 'मला भूक नाही गं' म्हणून कपभर दूध. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे निदान एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे सासूबाईंना दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात, पातळ आमटीत त्याच्या निम्मेसुद्धा नसतात. दुधाच्या मोठ्या पेल्यात सहा, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, माशाच्या दोन मध्यम तुकड्यांत वीसच्या आसपास. कुळथाचं पिठलं आठवड्यातून दोनदा तरी करा, त्यांच्या तोंडाला चव येईल आणि कुळीथ प्रथिनांत कुठल्याही डाळीला हार जात नाही. उपासाच्या दिवशी नुसत्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. दाण्याचा कूट भरपूर घाला आणि वर ताक द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. व्यायाम आठवड्यातून तीनदा अर्धा तास होईल. उरलेला आठवडा काय? सासूबाईंना त्यांची कामं परत द्या. करमणुकीची नव्हेत, घर ज्यांच्यावाचून अडेल अशी. कणीक त्याच मळतील. नारळ त्याच खवतील. आज टेबलावर बसवायच्या खवणीने, दोन महिन्यांनी जमलंच तर जाड पाटावर बसून. हात आणि पकड यांना याहून चांगला व्यायाम माझ्या दवाखान्यात नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांचं, एकेक लिटरच्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन. पोळ्या वाकड्या होतील, स्वयंपाक अर्धा तास लांबेल, बाई कुरकुरतील. सहन करा. स्वयंपाकाच्या बाईंना तुम्ही स्वतः सांगा की आजींच्या हातातून पोळपाट घ्यायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी मला विचारलं होतं, 'माझ्यावाचून काय अडतं सांग, म्हणजे उठते.' तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

सासूबाईंकडे मात्र उठायचं कारण आहे. त्या रोज ते तुम्हाला सांगतायत आणि तुम्ही त्याला धोशा म्हणताय. गणपतीला घरी जायचं.

न्या त्यांना. 'बघू' म्हणू नका, जायचंय असं आजच सांगा. पत्रावरची तारीख पाहता हातात चौदा आठवडे आहेत. बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या माणसांना आठ पुरले होते. तुमच्या इमारतीत एका मजल्याला साधारण वीस पायऱ्या असतील, म्हणजे साठ पायऱ्यांची पाखाडी हे तीन मजले झाले. पहिले चार आठवडे जिना नकोच, फक्त खुर्ची, ओटा आणि चालणं. पाचव्या आठवड्यापासून कठड्याला धरून तळाच्या एकाच पायरीवर चढ-उतार, पाच-पाच वेळा. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. मग चार पायऱ्या. मग अर्धा मजला चढून वर लिफ्टने. नवव्या-दहाव्या आठवड्याला पूर्ण मजला, बाराव्याला मध्ये बसून विसावा घेत दोन. हे माझं वेळापत्रक आहे, त्यांचे गुडघे दुसरं सांगतील तर त्यांचं ऐका. शक्य असेल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून पहिल्या दोन-तीन वेळा समोर करून घ्या. हाताची पकडही तिथे मोजून मिळेल. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्त्रियांसाठी १८ किलोच्या खालची पकड कमी मानली आहे.

घरी दोनच गोष्टी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दिवाणखान्यात चार मीटरच्या खुणा करून नेहमीच्या चालीने किती सेकंद लागतात ते. चारहून जास्त लागले तर चाल मंद आहे. आणि हाताची घडी घालून पाच वेळा उठायला-बसायला लागणारा वेळ. साध्या खुर्चीवर तो बारा सेकंदांच्या आत यायला हवा. आज त्यांना हे जमणारच नाही, तिथे 'नाही' लिहा. पुढच्या महिन्यात तिथे आकडा आलेला असला तर मला जरूर कळवा.

यजमानांना एक काम द्या. जिन्यावर आईबरोबर तेच असतील. मुलाला आपल्या डोळ्यांनी आई चढताना दिसली की त्याची भीती जेवढी कमी होईल, तेवढी माझ्या आकड्यांनी होणार नाही.

भाद्रपदात तुमची पाखाडी शेवाळाने निसरडी झालेली असणार. पंधरा दिवस आधी गावात कुणाला तरी सांगून ती खरवडून आणि घासून घ्या. मध्यावर एक खुर्ची ठेवा. सासूबाईंना टाचेला पट्टा असलेली, खाली खाचा असलेली चप्पल आत्ताच घ्या आणि ठाण्यातच वापरायला लावा. पाखाडीला कठडा आहे की नाही हे पत्रात नाही. नसेल तर पाऊस लागायच्या आत एका बाजूने बांबूचा बांधून घ्या, त्यांच्या उजव्या हाताशी येईल असा, आणि उतरताना तो डाव्या हाताला येतो म्हणून जिन्यावर कधी उजव्या, कधी डाव्या हाताने कठडा धरायची सवय आत्तापासून करा.